गिलकी एका रात्रीत दीड बोट वाढते, मग पेशीची भिंत फुटत कशी नाही?

मालवी_मीरा · ९ ऑगस्ट, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इंदूरला सुदामानगरात आमच्या गच्चीवर यंदा गिलकीचा वेल चढवलाय. महाराष्ट्रातले लोक घोसाळी म्हणतात तीच. लेक अकरावीत आहे, बायो घेतलंय. तिने काल रात्री एका कोवळ्या गिलकीला देठापासून टोकापर्यंत शिवणाचा दोरा लावला आणि बरोब्बर मापाने कापला. आज सकाळी तोच दोरा पुन्हा लावला तर दीड बोट कमी पडला!

आता तिचा प्रश्न. पुस्तकात लिहिलंय की वनस्पतीच्या पेशीला बाहेरून ताठ भिंत असते. भिंत ताठ असेल तर आतली पेशी मोठी होणार कशी? भिंत तुटली तर पेशी फुटेल, नाही तुटली तर वाढ खुंटेल. मी बी.कॉम. झालेली, मला उत्तर देता आलं नाही. तिच्या सरांनी "एन्झाइम असतात" एवढं सांगून पुढचा धडा घेतला. कोणते एन्झाइम, ते करतात काय, आणि भिंत तोडूनही ती उभी कशी ठेवतात, हे कुणी नीट समजावून सांगेल का? पोरगी दोन दिवस झाले मागे लागली आहे.

रामबागचा_रवी · ९ ऑगस्ट, रात्री १०.३१

ताई, आधी एक सांगा, मोजून झाल्यावर त्या गिलकीची भजी झाली की नाही? पावसाळ्यात इंदुरात गिलकी नुसती मोजायची म्हणजे तिच्यावर अन्यायच.

मालवी_मीरा · ९ ऑगस्ट, रात्री १०.३५

त्या एकीला हात लावायचा नाही असा फतवा आहे. बाकीच्यांची भजी झाली.

दाबमापक · ९ ऑगस्ट, रात्री ११.०२

मी पीथमपूरला कारखान्यात प्रेशर व्हेसलचं काम बघतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. पेशीच्या आत पाण्याचा दाब साधारण ३ ते १० वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोनाच्या जरा वर असतो. म्हणजे मऊ, लुसलुशीत गिलकीतली एकेक पेशी टायरपेक्षा कडक फुगलेली असते. पाणी उडून गेलं की भाजी मलूल पडते ती हा दाब गेल्यामुळेच.

आता भिंतीची जाडी बघा. कोवळ्या पेशीची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. लांबट पेशीची त्रिज्या जाडीच्या शंभरपट धरली, तर आतला ५ वातावरणांचा दाब भिंतीच्या साहित्यावर ५०० वातावरणांचा ताण आणतो. एवढा ताण रात्रंदिवस सोसणारी वस्तू कच्ची नसते. माझ्या मते आतून दाब वाढतो आणि भिंत फुग्यासारखी ताणली जाते, एवढंच.

वनस्पती_मॅडम · १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

मीराताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी. मी इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दोऱ्याने मोजून मग प्रश्न विचारणारी मुलं वर्षात दोन-तीनच भेटतात.

दाबमापक, तुमचे आकडे पटले, फुगा पटला नाही. फुगा फुगताना पातळ होत जातो आणि हवा सोडली की परत आकसतो. पेशी आपल्या मूळ लांबीच्या दहापट, शंभरपट वाढली तरी तिची भिंत जवळजवळ तेवढीच जाड राहते आणि वाढलेली लांबी परत जात नाही. दुसरं म्हणजे, वाढताना पेशी आतून जास्त जोर लावत नाही. जोर आधीपासून असतोच. होतं असं की भिंत जरा सैल पडते, तिच्यातला ताण उतरतो, आतला दाब किंचित घटतो, म्हणून बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पेशी मोठी होते. दार ढकलणारा तर कायमच उभा आहे, कडी कधी काढायची ते भिंत ठरवते.

आता भिंतीत असतं काय? सेल्युलोजचे अतिशय बारीक तंतू, मिलिमीटरचे तीन लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे जाड. ते पेशीभोवती पट्ट्यांसारखे गुंडाळलेले असतात, म्हणून गिलकी जाडीपेक्षा लांबीत जास्त वाढते. तंतूंच्या मधल्या जागेत पेक्टिनचा जेलीसारखा गर. आणि तंतूंना चिकटून झायलोग्लुकन नावाच्या साखरेच्या लांब साखळ्या.

या साखळ्यांवर काम करणारं एन्झाइम म्हणजे एक्सटीएच. १९९२ मध्ये एडिंबरामध्ये स्टीफन फ्राय यांच्या गटाने आणि जपानमध्ये निशितानी आणि तोमिनागा यांनी ते स्वतंत्रपणे दाखवून दिलं. ते झायलोग्लुकनची साखळी कापतं, पण कापलेलं टोक सोडून देत नाही, स्वतःला जोडून धरून ठेवतं. शेजारी दुसऱ्या साखळीचं टोक सापडलं की हातातलं टोक तिला जोडून देतं. कापणं आणि जोडणं एकाच हाताने, आणि मधल्या काळात टोक मोकळं सुटत नाही. म्हणून भिंत सरकते पण फुटत नाही. पोरीला इतकं सांगा, बाकी हळूहळू येईल.

सराफ्याची_वारी · १० ऑगस्ट, सकाळी ९.४०

मॅडम, कडी आणि दाराचं उदाहरण फार आवडलं. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला पण कळलं.

पुणेरी_पाहुणा · १० ऑगस्ट, दुपारी १२.१०

एक शंका. कापणं सोपं आहे, पण रासायनिक बंध नव्याने जोडायला ऊर्जा लागते. पेशीच्या आत त्यासाठी एटीपी असतं. भिंत तर पेशीच्या बाहेर. तिथे ऊर्जा पोचवतं कोण? हे नुसतं ऐकायला गोड वाटतंय.

वनस्पती_मॅडम · १० ऑगस्ट, दुपारी १.२५

पुणेरी_पाहुणा, शंका अगदी मर्मावर आहे. भिंतीत एटीपी नसतं, हे बरोबर. म्हणूनच तर टोक धरून ठेवायचं! साखळी कापताना सुटणारी बंधाची ऊर्जा वाया जात नाही, कारण टोक सुटं न होता एन्झाइमलाच बंधाने जोडलेलं राहतं. तोच बंध पुढच्या साखळीच्या हवाली होतो. बाहेरून काही आणावं लागत नाही. टोक पाण्याच्या रेणूला दिलं असतं तर ऊर्जा गेली असती आणि साखळी कायमची तुटली असती.

याच कुळातली काही एन्झाइम नेमकं तसंच करतात, टोक पाण्याला देऊन टाकतात. ती सांधत नाहीत, फक्त कापतात. दोघांच्या रचनेत फरक आहे तो मुख्यतः एका लहानशा वळशाचा. वनस्पतीला कुठे सांधणारी हवी असते, कुठे निव्वळ कापणारी. अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात या घराण्याची ३३ जनुकं आहेत, भातात २९. मूळ, खोड, फूल, फळ, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी जनुकं कामाला लागतात.

साचेखाते · १० ऑगस्ट, रात्री ८.५०

मी या विषयातला नाही, पण झायलोग्लुकन हा शब्द वाचून नातवाला विचारलं आणि त्याने शोधून सांगितलं की चिंचोक्यात हेच असतं. मग मला राहवलं नाही.

मी १९७४ पासून इंदूरच्या एका कापड मिलमध्ये सायझिंग खात्यात होतो. ताण्याचं सूत साच्यावर जायच्या आधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर फणीच्या घासण्याने सूत पिंजतं आणि तटातट तुटतं. खळीत मक्याचा स्टार्च असायचा, चरबी असायची, आणि आमच्याकडे चिंचोक्याची पावडर पण असायची. चिंचोके भाजून वरचं तपकिरी टरफल काढायचं आणि आतली पांढरी डाळ दळायची. ती पावडर गार पाण्यात कालवून मग वाफेवर शिजवायची. एकदम गरम पाण्यात टाकली की गुठळ्या, आणि मुकादमाच्या शिव्या. नीट शिजली की कढईत काचेसारखी चकाकणारी, बोटाला लांब तार सुटणारी खळ व्हायची. सूत त्या पेटीतून बुडून निघायचं आणि तापलेल्या सिलिंडरवर वाळायचं. वाळलेलं सूत दोन बोटांत धरून नखाने ओढलं की सतारीच्या तारेसारखं वाजायचं. त्या आवाजावरून आम्ही सांगायचो, खळ बसली का नाही.

मिल बंद पडली, पैसे कितीतरी वर्षं अडकले, तो विषय वेगळा आहे, त्याचं दुःख अजून आहे. पण चिंचोक्याची जी खळ मी कापसाच्या सुताला देत होतो, तीच जिवंत झाडाच्या भिंतीत कापसाच्याच जातीच्या तंतूंना धरून असते, हे मला वयाच्या सत्तरीत कळलं. फार बरं वाटलं.

वनस्पती_मॅडम · १० ऑगस्ट, रात्री ९.१५

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं आहे. झायलोग्लुकन सेल्युलोजला आपसूक चिकटतं, म्हणून ती खळ सुतावर इतकी घट्ट बसायची. प्रयोगशाळेत एक्सटीएचची परीक्षा घ्यायला आजही जगभर चिंचोक्यातूनच काढलेलं झायलोग्लुकन वापरतात.

चिंचेने त्याचा उपयोग आणखी निराळा केला. तिच्या बीत ते शिदोरी म्हणून साठवलेलं असतं. डाळीच्या पेशींच्या भिंती जाडजूड, त्यातच सगळं. बी रुजलं की एन्झाइम ते कापून साखर मोकळी करतात आणि कोंबाला खाऊ घालतात. दुपारी मी म्हटलं ना, कुठे निव्वळ कापणारी लागतात, ती इथे.

मालवी_मीरा · १० ऑगस्ट, रात्री ९.३०

साचेखाते काका, माझे सासरे पण मिलमध्येच होते, विणाई खात्यात. त्यांना तुमचा निरोप मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "सुताचा आवाज म्हणतोय तो माणूस खरा सायझिंगवाला." लेकीने आत्ताच डब्यातून सारीपाटाचे चिंचोके काढून पाण्यात भिजत घातले आहेत.

वैशालीनगर_काकू · ११ ऑगस्ट, सकाळी ११.००

मला एन्झाइमचं काही कळत नाही, पण पेक्टिनचं नाव जॅममुळे माहीत आहे. कोहळ्याचा पेठा करताना फोडी टोचून चुन्याच्या निवळीत रात्रभर ठेवतात. न ठेवल्या तर पाकात लगदा होतो. आणि आमच्याकडे नर्मदेचं पाणी येत नाही त्या दिवशी बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. या दोन्हींचा तुमच्या भिंतीशी संबंध आहे का?

वनस्पती_मॅडम · ११ ऑगस्ट, दुपारी ३.४०

काकू, दोन्ही गोष्टी एकच आहेत. पेक्टिनच्या साखळ्यांवर मेथिलचे गट लागलेले असतात. भिंतीतलंच पेक्टिन मेथिलएस्टरेज नावाचं एन्झाइम ते गट उतरवतं. उतरले की तिथे ऋण भार उघडा पडतो आणि दोन साखळ्यांच्या मध्ये कॅल्शियम येऊन बसतं, बटणासारखं. चुन्याच्या निवळीतून हे कॅल्शियम मिळतं, म्हणून फोड पाकातही कडक राहते. बोरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना तसंच एकमेकींना शिवून टाकतं, मग त्या सुट्या होत नाहीत. चिमूटभर सोडा घातला की पेक्टिन तुटतं.

रश्श्यासाठी बटाटा आधी साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, तर नंतर कितीही उकळला तरी मोडत नाही. त्या उष्णतेला हेच एन्झाइम जोमाने काम करतं, उकळीला मात्र मरतं.

सराफ्याची_वारी · ११ ऑगस्ट, दुपारी ४.०५

बटाट्याची युक्ती आज रात्रीच करून बघते! गराडूच्या कंदाला चालेल का? दोनदा तळूनही आत मऊ आणि बाहेर कुरकुरीत राहतो तो.

रामबागचा_रवी · ११ ऑगस्ट, दुपारी ४.१२

गराडूला हात लावू नका वहिनी. तो सराफ्यात जसा आहे तसाच परिपूर्ण आहे. आणि त्याला हिवाळा यायचाय अजून.

विश्वामित्रीकाठ · ११ ऑगस्ट, रात्री १०.४५

बडोद्याहून लिहितेय. मी पेशीभित्तिकेवरच पीएचडी करते आहे, म्हणून मॅडमच्या मांडणीत थोडी भर आणि थोडा मतभेद. एक्सटीएचला तुम्ही नायक केलंत, पण पुरावा तेवढा सरळ नाही.

२००८ मध्ये अरॅबिडॉप्सिसची अशी रोपं तयार झाली की ज्यांत झायलोग्लुकन बनवणारी दोन जनुकं बंद होती. त्यांच्या भिंतीत झायलोग्लुकन सापडलंच नाही. पुस्तकातलं चित्र खरं असतं, म्हणजे झायलोग्लुकनच्या दोऱ्यांनीच तंतू बांधलेले असते, तर ही रोपं कोलमडायला हवी होती. ती वाढली! थोडी खुजी राहिली, मुळांवरचे केस आखूड झाले, बस्स.

मग २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळेत भिंतीचे तुकडे ताणून वेगवेगळी एन्झाइम लावून पाहिली. फक्त झायलोग्लुकन कापणारं लावलं, भिंत हलली नाही. फक्त सेल्युलोज कापणारं लावलं, तरी नाही. दोन्ही एकदम कापू शकणारं लावलं तेव्हाच भिंत सरकली. म्हणजे खरा जोड फार थोड्या जागी आहे, जिथे दोन तंतू एकमेकांना जवळजवळ चिकटतात आणि मध्ये झायलोग्लुकनचा चिमूटभर अंश दबलेला असतो.

आणि तिथे काम करतात ते एक्स्पान्सिन. तेही १९९२ चेच, आणि सापडले काकडीच्या कोंबात, म्हणजे गिलकीच्या चुलत बहिणीत. काकडीच्या कोंबाचा तुकडा गोठवून मारायचा, चिमट्यात धरून वजन टांगायचं आणि आम्ल पाणी घालायचं. मेलेला तुकडा लांबत जातो. आधी उकळला तर लांबत नाही. उकळलेल्या तुकड्याला ताज्या भिंतीतून काढलेलं प्रथिन लावलं की पुन्हा लांबायला लागतो. गंमत म्हणजे एक्स्पान्सिन काहीच कापत नाही. तंतूंना धरणारी पकड नुसती ढिली करतं. पीएच साडेचारच्या आसपास, म्हणजे आम्ल असला की उत्तम चालतं, आणि ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमाने पेशीच भिंतीत आम्ल सोडते. कडी काढण्याचा हुकूम तो हाच.

वनस्पती_मॅडम · १२ ऑगस्ट, सकाळी ७.३०

मतभेद मान्य, आणि आनंदाने मान्य. मी वर्गात जुनं दोऱ्यांचं चित्र अजून फळ्यावर काढते, ते बदलायला हवं. पण एक्सटीएचला बाजूला काढू नका. त्या झायलोग्लुकन नसलेल्या रोपांनी पेक्टिनवर आणि इतर घटकांवर भिस्त टाकून निभावून नेलं असणार. एक पाय गेलेला माणूस कुबडीवर चालतो, म्हणून पाय निरुपयोगी ठरत नाही.

विश्वामित्रीकाठ · १२ ऑगस्ट, सकाळी ८.०५

हे मात्र खरं. टोमॅटोचंही तेच झालं. १९९४ मध्ये अमेरिकेत फ्लेव्हर सेव्हर नावाचा टोमॅटो विकायला आला. पेक्टिन कापणाऱ्या पॉलिगॅलॅक्चुरोनेजचं जनुक त्यात दाबून टाकलं होतं, म्हणजे फळ मऊ पडणार नाही असा हिशेब. फळ मऊ पडायचं ते पडतच राहिलं, जेमतेम फरक पडला, आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. पुढे २०१६ मध्ये पेक्टेट लायेज हे दुसरंच एन्झाइम बंद केल्यावर टोमॅटो खरोखर टणक राहिला. भिंतीत एकट्यादुकट्याचं राज्य नसतं.

शिंकांनी_बेजार · १२ ऑगस्ट, दुपारी १.००

विषयांतर होतंय, पण आश्विनात गवताला तुरे आले की माझे डोळे सुजतात. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी गवताच्या परागांमुळे होतं असं सांगितलं. याचा इथे काही धागा लागतो का?

विश्वामित्रीकाठ · १२ ऑगस्ट, दुपारी १.३०

थेट लागतो! गवताच्या परागातला ॲलर्जी आणणारा एक प्रमुख पदार्थ म्हणजे एक प्रकारचं एक्स्पान्सिनच. परागनलिकेला स्त्रीकेसरातून वाट काढता यावी म्हणून पराग ते भरपूर सोडतो. स्त्रीकेसराची भिंत सैल होते, आणि तुमच्या नाकाला मात्र तो परका वाटतो.

शिंकांनी_बेजार · १२ ऑगस्ट, दुपारी १.३४

वीस वर्षं शिंकतोय. कशामुळे ते नावासकट आज कळलं. धन्यवाद ताई.

निमाडचा_कापूस · १३ ऑगस्ट, रात्री ९.००

साचेखाते काकांनी सुताचा विषय काढला म्हणून लिहितो. आमची शेती खरगोन जिल्ह्यात. हिरवं बोंड अर्धवट वाढलेलं असताना चाकूने कापून बघा. आत कापूस नसतो, ओल्या, चकचकीत, पाणेरी तंतूंचा गच्च लपका असतो, शहाळ्याच्या मलईसारखा. लहानपणी आम्ही तो चोखायचो, किंचित गोड लागतो. हे तंतू वाढतात कसे?

वनस्पती_मॅडम · १३ ऑगस्ट, रात्री १०.१०

तो प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. बीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलतं त्या दिवशी फुगायला लागते आणि जवळपास तीन आठवड्यांत तीन सेंटिमीटरपर्यंत लांब होते, जाडीच्या हजारपटीहून जास्त. वनस्पतींत इतक्या झपाट्याने लांबणाऱ्या पेशी थोड्याच. या काळात भिंत सैल करणारी सगळी फौज तिथे हजर असते. २०१० मध्ये कापसात एक्सटीएचचं एक जनुक जास्त चालवून बघितलं तर तंतू पंधरा ते वीस टक्के लांब झाले. लांबणं थांबलं की आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात, शेवटी तंतूत बहुतेक सगळं सेल्युलोजच उरतं. मग पेशी मरते, वाळून चपटी होते आणि पीळ खाते. तो पीळ असतो म्हणून सूत कातता येतं.

साचेखाते · १३ ऑगस्ट, रात्री १०.२५

आखूड धाग्याचा कापूस आला की आमच्या सुतात गाठी पडायच्या आणि शिफ्ट वाया जायची. तीन आठवड्यांत त्या पेशीला किती ढील मिळाली यावर आमची शिफ्ट अवलंबून होती तर.

खतवाले_काका · १४ ऑगस्ट, सकाळी ६.४०

इंदूरचा धागा आणि हॉवर्डसाहेबांचं नाव नाही, असं कसं चालेल? आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी संस्था काढली आणि 'इंदूर पद्धती'चं कंपोस्ट इथेच तयार केलं. १९३१ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं, १९३५ मध्ये गांधीजी ते बघायला आले होते. कपाशीच्या पऱ्हाट्या कुजता कुजत नसत, म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, मग शेण, माती आणि राखेबरोबर थर. पऱ्हाटी म्हणजे भिंतीच भिंती, त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ. ती फोडायला बुरशीची एन्झाइम लागतात.

अशाच एका बुरशीची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू सडत होते. त्या तंबूंवरच्या ट्रायकोडर्मा बुरशीपासून सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज कापणारं एन्झाइम, काढण्याचा उद्योग उभा राहिला. आज जीन्सचं कापड मऊ करायला, रंग विटका करायला तेच सेल्युलेज वापरतात.

दाबमापक · १४ ऑगस्ट, सकाळी ९.५०

फुगा मी परत घेतला. आता वेगळा प्रश्न. ही कापायची-जोडायची यंत्रणा आली कुठून? झाडं जमिनीवर आली तेव्हा बनली का?

वनस्पती_मॅडम · १४ ऑगस्ट, रात्री ९.३०

आमच्या वेळी तसंच शिकवलं जायचं. आता चित्र उलटं दिसतं. जमिनीवरच्या वनस्पती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या, पण एक्स्पान्सिन आणि एक्सटीएच या दोन्ही घराण्यांची मुळं त्याआधीच्या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालांत आहेत. मीराताई, तुमच्या लेकीला स्पायरोगायरा माहीत असेलच, डबक्यातलं ते गुळगुळीत, केसांसारखं शेवाळ. जमिनीवरच्या वनस्पतींचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक त्याच गटातले मानले जातात. स्पायरोगायरामध्ये झायलोग्लुकनसारखा पदार्थ सापडला आहे, तो बहुधा चिकटून राहायच्या कामी येतो. पाण्यात चिकटायला वापरलेला डिंक पुढे जमिनीवर उभं राहायला कामी आला असावा, असं मला वाटतं.

पुढे प्रत्येक कुळाने आपापला फेरफार केला. गवताच्या कुळाने, म्हणजे गहू, ज्वारी, बांबू यांनी, झायलोग्लुकन अगदी कमी केलं आणि दुसरी एक ग्लुकनची साखळी आणली. ओट्सच्या पाकिटावर बीटा-ग्लुकन लिहिलेलं असतं ते हेच. तशीच साखळी एका अगदी दूरच्या कुळात २००८ मध्ये सापडली, ते म्हणजे इक्विसेटम. मी कुमाऊंच्या सहलीत ओढ्याकाठी ते तोडून बघितलंय. हिरव्या काड्या, सांधे ओढले की डब्याच्या झाकणासारखे निघतात, अंगावर सिलिका म्हणून खरखरीत. कोळसा झालेल्या तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांत याचे पूर्वज झाडांएवढे होते. त्याच्याकडे एक असं एन्झाइम आहे जे सेल्युलोज किंवा ती दुसरी साखळी कापून तिचं टोक झायलोग्लुकनला जोडतं. दोन वेगळ्या जातींची साखळी एकमेकींत विणणारं! एक्सटीएचच्याच घराण्यातलं, पण काम दुसरं शिकलेलं.

पुणेरी_पाहुणा · १४ ऑगस्ट, रात्री १०.००

मी सुरुवातीला गोड वाटतंय म्हणालो होतो. ते शब्द मागे. चार दिवसांत एवढं शिकायला मिळालं नव्हतं कधी.

मालवी_मीरा · ६ सप्टेंबर, सायंकाळी ७.१०

उशिरा लिहितेय, पण सांगायचं बरंच आहे.

मॅडमनी निरोप पाठवून लेकीला कॉलेजात बोलावलं. रात्रभर भिजवलेल्या चिंचोक्याची पातळ चकती काचेवर ठेवून आयोडीनचं द्रावण टाकलं, तर ती निळी झाली. लेकीने लगेच म्हटलं, "स्टार्च." मॅडम हसल्या, म्हणाल्या, नाही, झायलोग्लुकनही निळं होतं, जुने लोक याच रंगाला फसले होते. बाकीचे चिंचोके कुंडीत लावले होते. दगडावर घासून लावले म्हणून लवकर फुटले. दोन जाड, मांसल डाळिंब्या वर आल्या, मग हळूहळू आक्रसत सुरकुतल्या. परवा त्यातली एक कापून पुन्हा आयोडीन टाकलं. जेमतेम निळसर छटा. शिदोरी संपलेली.

आणि ती गिलकी. लेकीने रोज रात्री नवा दोरा कापला आणि सकाळी तोच लावून बघितला. सगळे दोरे तारखेची चिठ्ठी लावून वहीत चिकटवलेत. पहिल्या आठवड्यात रोज एक-दीड बोट, मग अर्धं, मग नखभर. आता ती वेलावर हाताएवढी लोंबते आहे, साल कडक झालीय, हलवली की आत खुळखुळ वाजायला लागलंय. भाजीला गेली कामातून, आंघोळीची चोथी होणार.

गेले चार दिवस सकाळी दोरा बरोब्बर पुरतोय.

साचेखाते · ६ सप्टेंबर, सायंकाळी ७.४०

पोरीला सांग, वाळल्यावर तिच्यातलं थोडं बी माझ्यासाठी ठेव. मी येऊन घेऊन जाईन, आणि तिला चिंचोक्याची खळ शिजवून दाखवीन. गार पाण्यात आधी कालवायची, हे विसरायचं नाही.